सातबाऱ्यावर खोली नसते

(तृतीय वर्ष, कला)

दरवर्षी फीसवलतीच्या अर्जाला मला सातबाऱ्याचा उतारा जोडावा लागतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याची वाट बघत चावडीच्या कट्ट्यावर बसावे लागे, असे आप्पा सांगतात. आता तो १५ रुपयांत संगणकावर निघतो. यंदा कचेरीपुढच्या रांगेत माझा नंबर यायला दीड तास लागला. हातात वाचायला दुसरे काही नव्हते, म्हणून तोच कागद मी वरपासून खालपर्यंत वाचून काढला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने त्यात एकत्र असतात, म्हणून तो सातबारा. सातात जमीन कोणाची ते, बारात तिच्यात काय पिकते ते. गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, रुपये-पैशांत आकार, पोटखराबा, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. आमच्या नदीकडच्या रानापुढे लिहिले होते : ०.२० हेक्टर, म्हणजे वीस गुंठे. आबांच्या तरुणपणीही ते तेवढेच होते, मी बारावीला होते तेव्हाही तेवढेच आणि आजही तेवढेच आहे. कागदाच्या हिशेबी त्या रानातून काहीही गेलेले नाही. लांबी-रुंदीचा सगळा हिशेब त्यावर आहे. खोलीचा रकाना मात्र नाही.

रकाना नसल्यामुळे आमच्या घरी जे घडले त्याची नोंद कुठेच झालेली नाही. ती मी इथे करते आहे. अंकात कविता पुष्कळ येतील. एखादा मातीचा हिशेब असला तर संपादक मंडळाची हरकत नसावी.

आमचे गाव कृष्णेच्या काठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. जमीन सगळी मिळून दीड एकर, तीही दोन तुकड्यांत. चाळीस गुंठे गावाच्या वर, माळाच्या अंगाला. त्याला आम्ही ‘वरचं रान’ म्हणतो. वीस गुंठे नदीकडे, मळईचे; ते ‘नदीचं रान’. वरच्या रानात हात घातला तर खडा लागतो. नदीच्या रानात कोपरापर्यंत हात गेला तरी काळी, भुसभुशीत, गार माती. वाटणीत ते आबांकडे आले तेव्हा उंचसखल होते आणि लव्हाळ्याने भरलेले होते म्हणतात. आबांनी आणि आजीने दोन-तीन उन्हाळे बैलाच्या केणीने ते सपाट केले, लव्हाळ्याच्या गाठी वेचून जाळल्या आणि उकिरड्याचे खत बैलगाडीने नेऊन टाकले. आजी आता नाही. तिच्या माहेरची माणसे एकदा म्हणाली होती की, तिचे पहिले पाच-सहा संसाराचे उन्हाळे त्या रानातच गेले.

आबांना मातीची परीक्षा हातानेच होई. पाऊस उघडला की ते ढेकूळ उचलायचे, मुठीत दाबायचे, मग दोन बोटांत मोडायचे. चिकटले तर ‘अजून दोन दिवस’, भुगा झाला तर ‘आलाय वाफसा’. वाफसा म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी मधली स्थिती. पुढे भूगोलाच्या पुस्तकात मी तिच्याबद्दल वाचले, पण ते वाचून मला वाफसा ओळखता आला नसता.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदीच्या रानातला ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली राहिला. पोंग्यात गाळ शिरला आणि ऊस उभ्याउभ्या कुजला. पाणी ओसरल्यावर रानात पातळसा गाळ बसला होता. आबांनी तो बोटाने उचलून मला दाखवला. म्हणाले, ‘‘ऊस न्हेला, पर नदीनं रिकामं न्हाई पाठवलं बघ. बोटभर दिलंय.’’ आप्पांना त्या वेळी हे ऐकवले नसते. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच झाले. सोसायटीचे कर्ज थकले होते, ते आणखी थकले. त्यात माझी बारावी. मला पुढे शिकायचे होते आणि तालुक्याच्या नव्हे, शहरातल्या महाविद्यालयात. हे मी घरात चारदा बोलून दाखवले होते, हेही नोंदीत आले पाहिजे.

त्या हिवाळ्यात वीटभट्टीवाले घरी आले. आमच्याकडे दिवाळी झाली की नदीकाठाने भट्ट्या लागतात आणि भट्टीला मळईची माती लागते. गृहस्थ बोलायला चांगले होते, ते आप्पांना ‘मामा’ म्हणत. त्यांचे म्हणणे असे होते की, आमचे रान उंच झाले आहे, त्यामुळे पाणी नीट चढत नाही. दीड फूट खाली घेतले की पाणी बसेल, शिवाय पैसे मिळतील. ‘‘आन् मामा, जमीन कुठं जातीया? सातबारा तुमच्याच नावावर ऱ्हातोय की.’’ आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला. रकमेचा आकडा मी इथे लिहीत नाही. त्यातले बरेचसे सोसायटीत गेले. उरले त्यात माझा प्रवेश आणि वसतिगृहाचे पहिले वर्ष भागले.

आबा सोप्यात बसून सगळे ऐकत होते. ते घरात सर्वांत थोरले, पण कर्जाचे कागद आप्पांच्या नावे होते. ते एवढेच म्हणाले, ‘‘बांधाला हात लावू नगा म्हणावं.’’

रान मोजायला मी गेले होते. टेपचे एक टोक भट्टीवाल्यांच्या माणसाकडे, दुसरे माझ्याकडे. १६५ फूट लांब, १३२ फूट रुंद. गुणाकार मीच करून सांगितला आणि तो माणूस म्हणाला, ‘‘हुशार हाय पोरगी.’’ मला तेव्हा बरे वाटले होते.

जे.सी.बी. चार दिवस चालू होता. पहिल्या दिवशी मी ट्रॉल्या मोजल्या, दुसऱ्या दिवशीही मोजल्या, नंतर सोडून दिले. मातीचा वरचा थर निघाला तेव्हा तिच्यात मुळ्यांच्या जाळ्या होत्या, उसाचे जुने बुडखे होते, गांडुळे होती. बगळे मागे लागले होते. खाली जाल तशी माती पिवळट, घट्ट, गुळगुळीत होत गेली. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागले. शेवटच्या दिवशी नदीच्या बाजूच्या कोपऱ्यात बकेट दीड फुटाच्या खाली गेली. मी कासऱ्याच्या काठीने मोजून पाहिले, दोन फुटांच्या वर भरले. आप्पा दुसऱ्या टोकाला ट्रॉलीवाल्याशी बोलत होते. मी त्यांना सांगितले नाही. बोलले असते तर वाद झाला असता, वादात व्यवहार अडला असता. आणि प्रवेशाची तारीख जवळ येत होती, असे मी मनाशी म्हटले. खरे म्हणजे प्रवेशाला अजून पाच महिने होते.

वसतिगृहात आल्यावर एका रात्री झोप येईना म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. १६५ गुणिले १३२ म्हणजे २१,७८० चौरस फूट. गुणिले दीड म्हणजे ३२,६७० घनफूट. शंभर घनफुटांचा ब्रास धरला तर ३२६ ब्रास. नऊ, चार, तीन इंचांची वीट धरली तर एका घनफुटात सोळा विटा. म्हणजे ढोबळ मानाने सव्वापाच लाख विटा. (भट्टीत राख-भुसा मिसळतात आणि वीट वाळताना आकसते, तेव्हा आकडा इकडेतिकडे होईल.) आमच्या वसतिगृहाच्या मागे त्या वर्षी संरक्षक भिंत बांधायचे काम चालू होते आणि विटांचा ढीग खिडकीतून दिसत होता. त्या विटा आमच्या रानातल्या होत्या असे समजायला काहीच आधार नव्हता. तरी त्या सत्रात मी माझी खाट खिडकीपासून हलवली, आणि कारण विचारल्यावर मैत्रिणींना डासांचे सांगितले.

आता त्या मातीच्या वयाविषयी. आमच्या पठाराचा काळा खडक लाव्हाचा आहे आणि तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ऊन, पाऊस, मुळे आणि किडामुंगी यांनी तो झिजतो तेव्हा माती होते. इंचभर माती होण्यास शेकडो वर्षे लागतात. आमच्या नदीच्या रानाची माती तर आणखी फिरून आलेली : सह्याद्रीच्या उतारावर झाली, पावसाने ओढ्यात आली, ओढ्याने कृष्णेत आणि कृष्णेने आमच्या काठाला ठेवली. आम्ही ती चार दिवसांत काढली. भूगोलाच्या सरांनी हे वर्गात सांगितले तेव्हा मी वहीत लिहून घेतले नाही. सरांना वाटले असेल, ही खिडकीबाहेर बघत बसते.

पुढचे तीन पावसाळे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही.

२०२२च्या जूनमध्ये आप्पांनी सोयाबीन पेरले. जुलैत पाऊस लागला. नदी पात्रातच होती, तरी आमच्या रानात तळे झाले, कारण चारी बाजूंची राने आता आमच्याहून दीड फूट उंच! सगळ्यांचे पाणी आमच्याकडे. बरे, पाणी साचले तर साचले, पण ते खाली मुरेना. पूर्वी मुळ्यांच्या आणि गांडुळांच्या बिळांनी ती माती आतून पोखरलेली असे, पाणी त्यातून उतरे. आता उघडी पडलेली माती चिकणी आणि बंद. रान चिबडले, सोयाबीन पिवळे पडून गेले, आणि वाफसा दसऱ्यापर्यंत आला नाही. भरीस भर म्हणजे तात्यांचा बांध खचला. तात्या आप्पांचे चुलतभाऊ, शेजारचे रान त्यांचे. आमच्या बाजूचा आधार गेल्यावर त्यांची कड पावसात कोसळत राहिली आणि त्यांची माती आमच्या रानात उतरू लागली. तात्या आईला रस्त्यात म्हणाले, ‘‘वयनी, तुमची इकली ती इकली, आता आमची बी न्हेताय?’’ तेव्हापासून दोन्ही घरांचे येणे-जाणे थांबले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही अक्षतेपुरते गेलो.

२०२३ साली उलटे झाले. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तात्यांचे सोयाबीन दुपारी मान टाकायचे आणि सकाळी पुन्हा उभे राहायचे. आमचे तिसऱ्या आठवड्यात बसले ते उठलेच नाही. म्हणजे बघा : पाऊस झाला तर आमचे रान बुडते आणि नाही झाला तर तेच रान वाळते. हे मला आधी कोडे वाटे. पण दोन्हींचे कारण एकच. वरच्या थरात जो कुजलेला पालापाचोळा असतो, ज्याला अहवालात सेंद्रिय कर्ब म्हणतात, तो मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो. त्यामुळे मातीत लहानमोठ्या पोकळ्या राहतात; मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली जाते, बारीक पोकळ्यांत ते अडकून राहते आणि पिकाला पुढे पुरते. आम्ही माती विकली असे म्हणतो, परंतु खरे तर आम्ही त्या पोकळ्या विकल्या. मातीसारखे दिसणारे काहीतरी खाली होतेच.

मृद् आरोग्य पत्रिका आम्हीही काढली. केंद्र सरकारची ही योजना २०१५पासूनची. माती तपासून बारा गोष्टींची नोंद पत्रिकेवर येते. आमच्या नदीच्या रानाचा सेंद्रिय कर्ब ०.२८ टक्के आला, शेरा ‘कमी’. तात्यांच्या रानाचा त्यांनी मागे काढला होता, तो ०.६१ होता. बारा आकडे पाहिले. खोलीचा रकाना तिथेही नव्हता. दुकानदाराने पत्रिका पाहून दोन पोती खत जास्त टाकायला सांगितले. आप्पांनी टाकले. खत पाण्याबरोबर गेले असावे, पिकात तर दिसले नाही.

याच सुमारास मराठीच्या तासाला महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आला. १८८३ साली पुरे झालेले ते पुस्तक. आम्ही परीक्षेसाठी त्यातला भट-कामगार आणि शेतकरी यांचा भाग तयार करत होतो, पण माझी नजर दुसऱ्याच जागी अडकली. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जिवांचा अंश पावसाने वाहून शेतात येतो आणि शेत सुपीक होते, हे जोतीराव तिथे सांगतात. आणि सरकारने आपल्या पलटणीतले आणि पोलिसांतले रिकामे हात लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल, अशी मागणी करतात. मी बाईंना विचारले, हा भाग परीक्षेला येतो का? बाई म्हणाल्या, सहसा येत नाही, पण वाच. याच्या दोनच वर्षे आधी, १८८१ साली, तिकडे इंग्लंडात म्हाताऱ्या डार्विनचे गांडुळांवरचे पुस्तक निघाले होते. गांडुळे दरवर्षी एकरी कित्येक टन माती खालून वर आणून टाकतात, हे त्याने मोजून दाखवले. एकाने मातीला बांध मागितला, दुसऱ्याने मातीतले मजूर मोजले. दोघांची एकमेकांना खबर असण्याचे कारण नाही. आणि आम्ही त्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी आमचे मजूर ट्रॉलीत भरून भट्टीला पाठवले. असो.

भरपाईचा विचार आधी कोणाला सुचला हे सांगणे कठीण आहे. आप्पांनी मला कधी म्हटले नाही की चूक झाली. पण २०२३च्या उन्हाळ्यात त्यांनी एका पाझर तलावातला गाळ आणायचे ठरवले. तलाव लांब, त्यामुळे गाळ फुकट असला तरी डिझेल फुकट नव्हते. नऊ ट्रॉल्या आणल्या. आमच्याकडची ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास. मी पुन्हा वही काढली : आमच्या रानात एक इंच थर द्यायचा तर अठरा ब्रास लागतात. म्हणजे नऊ ट्रॉल्यांनी अर्धा इंच झाला. गेलेले अठरा इंच, आलेला अर्धा. मी हे आप्पांना सांगितले तेव्हा ते खोऱ्याने गाळ पसरत होते. ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, ‘‘मग काय करू? बसू?’’ मी दुसरे खोरे घेतले.

आमच्या वरच्या रानातल्या उसाचे पाचट आप्पा दरवर्षी तोडणीनंतर पेटवून द्यायचे. गावात सगळेच पेटवतात. एका काडीत रान मोकळे होते. एकरी तीन-चार टन पाचट निघते आणि तासाभरात त्याचा धूर होतो. २०२४ साली त्यांनी ते पेटवले नाही. अर्धे वरच्या रानातच सरीत दाबले, अर्धे बांधून नदीच्या रानात आणून पसरले. लोक हसले. साप होतील म्हणाले, उंदीर होतील म्हणाले. उंदीर थोडे झाले, हे खरे आहे.

त्याच उन्हाळ्यात मेंढरे बसवली. ही कल्पना मात्र आबांची. आमच्या भागात धनगरांचे कळप उन्हाळ्यात येतात. रात्री कळप रानात बसवला की लेंडी आणि मूत जागच्या जागी पडते, वाहतुकीचा खर्च नाही. पूर्वी त्याचे मोल ज्वारीने देत, आता ज्वारी आणि पैसे दोन्ही द्यावे लागतात. दोनशेच्या आसपास मेंढरे, सहा रात्री. मी परीक्षा आटोपून घरी आले होते. पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर आबा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, ‘‘चल गं बाय, रानात जाऊ.’’ माती गेल्यापासून ते त्या रानात गेले नव्हते. अडीच वर्षांत एकदाही नाही. वाटेवर तात्यांच्या रानाच्या कडेला आल्यावर ते थांबले. चांदणे होते. खाली आमच्या रानात मेंढरे दाटीने बसली होती आणि सगळे रान हळूहळू हलल्यासारखे दिसत होते. खाली उतरायला मी हात दिला. पूर्वी तिथे उतरावे लागत नसे.

धनगरबाबा आणि आबा बराच वेळ बोलत बसले, मुख्यतः पावसाविषयी आणि कोणत्या गावात पाण्याला अडवतात त्याविषयी. मातीचा विषय निघाला नाही. परतताना आबांनी वाकून एक ढेकूळ उचलले, नेहमीप्रमाणे दाबले. ते मोडेना. त्यांनी ते खिशात टाकले. मीही बांधावरचे एक ढेकूळ घेतले.

घरी ती दोन्ही ढेकळे उन्हात वाळवून मी दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत सोडली. ही युक्ती मला विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीने सांगितली होती. रानातले ढेकूळ सोडताच बुडबुडे आले आणि दोन मिनिटांत ते विस्कटून पेल्याच्या तळाशी चिखल होऊन बसले, पाणी गढूळ. बांधावरचे ढेकूळ दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच होते. पाणी जवळजवळ स्वच्छ. ढेकळातून हरळीची दोन मुळे बाहेर आलेली. आप्पा चहा पिता पिता बघत होते. त्यांनी दुसरा पेला उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला. ‘‘बांध राहिला हे बरं झालं,’’ एवढेच म्हणाले. आबा सोप्यातच होते.

२०२४च्या जूनमध्ये त्या रानात पीक घेतले नाही, ताग पेरला. पीक न घेता बी विकत आणून पेरायचे आणि फुलावर आले की नांगरून मातीत गाडायचे, हे आईच्या गळी उतरवणे सर्वांत अवघड गेले. ‘‘खायाला न्हाई ते पेरायचं आन् आलं की गाडायचं!’’ असे ती प्रत्येक पाहुण्याला सांगे. ताग पुरुषभर वाढला, पिवळी फुले आली आणि ऑगस्टच्या आरंभी, पावसाने उघडीप दिली तेव्हा तो गाडला. त्याआधी आप्पांनी कडेने चर काढून ओढ्याला जोडला होता, त्यासाठी तात्यांच्या रानाच्या कोपऱ्यातून दहा-बारा फूट जावे लागत होते. आप्पा स्वतः विचारायला गेले. तात्यांनी आधी नाही म्हटले. दोन दिवसांनी त्यांचा मुलगाच खोरे घेऊन आला. येणे-जाणे अजून सुरू झाले नाही, पण चर गेला. यंदा तळे झाले नाही. पाणी चार-पाच दिवसांत उतरले.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा रानात हरभरा उगवून आला होता. दाट म्हणता येणार नाही, पण ओळी तुटक नव्हत्या. मी एका जागी खुरप्याने उकरले. वरच्या तीन-चार बोटांत माती काळसर झाली होती, तागाच्या काड्या अर्धवट कुजलेल्या होत्या; त्याखाली पुन्हा तीच पिवळट. एक गांडूळ सापडले. ते मी परत झाकले. एका गांडुळावर निबंध लिहू नये हे मला समजते, पण २०२२ आणि २०२३ मध्ये मी त्याच जागी उकरले होते आणि एकही निघाले नव्हते, म्हणून नोंद केली.

त्याच सुट्टीत भट्टीवाले पुन्हा आले. या वेळी वरच्या रानासाठी. तिथली माती विटेला हलकी, पण खालचा मुरूम भरावाला चालतो म्हणाले. माझे हे शेवटचे वर्ष आहे. मला पुढे एम.ए. करायचे आहे, धाकटा भाऊ येत्या जूनमध्ये बारावी पास होऊन कुठेतरी प्रवेश घेईल. आप्पांनी चहा दिला, विचारपूस केली आणि म्हणाले, ‘‘संक्रांत होऊ द्या, मग बघू.’’ त्यांनी नाही म्हटले नाही. मी आतल्या खोलीत उभी होते. भट्टीवाल्यांनी मला पाहिले आणि विचारले, ‘‘काय ताई, शिक्षण कुठवर आलं?’’ मी सांगितले. मग मीच म्हणाले, ‘‘काका, वरच्या रानाला टेप धरायला मी येणार नाही.’’ ते हसले. त्यांना वाटले, मी शहरात राहून ऐट शिकले. आप्पा हसले नाहीत.

सुट्टी संपवून आल्यावर मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातले आहे. रोज ग्रंथालयात पुस्तके लावते. त्यात वसतिगृहाचा खर्च सगळा सुटत नाही, थोडा सुटतो. आप्पांना अजून कळवलेले नाही, हा अंक घरी गेला की कळेल.

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी मला बांधावर नेले. बांध आता रानाच्या मधोमध उभ्या केलेल्या भिंतीसारखा दिसतो, वर हरळी, खाली कापलेली कड. त्या कडेत आमच्या जुन्या रानाचे थर अजून दिसतात. वर काळा, खाली पिवळट, मध्ये कुठेतरी आजी-आबांनी टाकलेल्या खताचे दिवस. आबा म्हणाले, ‘‘मोज.’’ मी टेप लावला. बांधाच्या माथ्यापासून रानापर्यंत मधल्या भागात साडेसतरा इंच, नदीच्या कोपऱ्यात सव्वीस. सव्वीसचा आकडा मी मोठ्याने वाचला. आबांनी माझ्याकडे पाहिले. ते म्हणाले, ‘‘त्या कोपऱ्यात जास्त न्हेलं व्हय?’’ मी होय म्हटले. ‘‘तुला कवा कळलं?’’ ‘‘तेव्हाच.’’ ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने त्यांनी अर्जासाठी काढलेल्या सातबाऱ्याची जादा प्रत माझ्या पिशवीतून काढायला सांगितली आणि म्हणाले, ‘‘मागं लिव्ह. तारीख घाल.’’

मी बांधावर कागद ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले : नदीचे रान, मधला भाग साडेसतरा इंच, नदीचा कोपरा सव्वीस इंच, नोव्हेंबर २०२४. खाली आबांनी सही केली. त्यांना सही तीन अक्षरांचीच येते आणि तीही उभी-आडवी. तो कागद आता घरी, आईच्या ट्रंकेत, कर्जाच्या पावत्यांबरोबर आहे. उन्हाळ्यात मेंढरे उठली की पुन्हा मोजायचे ठरले आहे.